बकाराम पाटकरी आणि आभाळाची पाळी

पाटकरी म्हणजे काय, हे शहरातल्या नातवंडांना आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी मजा वाया जाईल. आमच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, धानाला तलावाचं पाणी लागतं. तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, पाणी सोडायचं एक दार असतं, त्याला तुडुम म्हणतात. ते तुडुम उघडणारा, बंद करणारा आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी जाईल हे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हातात, म्हणजे गाव पाटकऱ्याच्या हातात. आमचा बकाराम उभा जन्म पाटकरी होता.

बकाराम आणि मी नागऱ्याच्या शाळेत एका टाटपट्टीवर बसलो. चौथीत गुरुजींनी त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. एकदा मोठे साहेब तपासणीला आले होते. गुरुजी घामाघूम होऊन त्यांना भूगोल शिकवून दाखवत होते, तोच बकारामने सुट्टीची घंटा बडवली. गुरुजींनी डोळे वटारले. हा म्हणाला, "गुरुजी, टाइम झाला." पोरं साहेबांच्या पायाखालून पळाली. साहेब मात्र खूश झाले, कारण त्यांनाही भूक लागली होती.

हाच बकाराम पुढे पाटकरी झाला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने सासऱ्याच्या बांधीचं पाणी मध्येच बंद केलं, कारण सासऱ्याची पाळी संपली होती. बांधी अर्धी भरलेली, सासरा नहराच्या काठावर हात जोडून उभा, आणि जावई तुडुमावर बसून म्हणतो, "मामाजी, पाळी सरली." संध्याकाळी सासूने त्याला जेवायला वाढलं. भात वाढला आणि वरणाचं भांडं झाकून ठेवलं. म्हणाली, "जवाईबापू, वरनाची पाळी सरली." बकारामने कोरडा भात खाल्ला. वर म्हणाला, "बाई कायद्याची आहे." ही गोष्ट मी निदान शंभरदा सांगितली असेल, आणि दरवेळी सुलोचनाबाई, म्हणजे बकारामची बायको, स्वयंपाकघरातून ओरडते, "त्या दिवशी मीच वरन झाकलं होतं, माझ्या मायनं नाही!"

म्हातारपणी तुडुमाचं काम सोडल्यावर गावाने त्याला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. पण त्याच्या मनात एकच गोष्ट खुटखुटत राहिली होती. आमचा तलाव मोठा वेडावाकडा. त्याला तीन फाटे. पारीवर उभं राहिलं की एकच फाटा दिसतो, दुसरा मोहाच्या झाडांमागे दडतो, तिसरा टेकडीला वळसा घालून कुठे जातो ते फक्त मासे जाणतात. बकाराम म्हणायचा, "अख्खा जनम याचं पानी वाटलं, पन याचं पूर्न तोंड एकदाही पाह्यलं नाही गा. मरायच्या आधी एकदा पाहाचं आहे." त्याच्या नातीने, हर्षाने, मोबाइलवर वरून काढलेला फोटो दाखवला. त्याने तो जवळ नेला, लांब नेला, उलटा केला आणि परत दिला. "हा उन्हाळ्यातला आहे. याच्यात पानीच नाही. बिनपान्याचा तलाव म्या काय पाहू?"

आता या गोष्टीत भूपेंद्र येतो. भूपेंद्र म्हणजे बकारामच्या बहिणीचा, धुरपताबाईचा मुलगा. राहणार फुलचूरचा. तो बाहेर कुठल्याशा उडायच्या क्लबात नोकरीला होता. शौकीन लोकांना हलक्या विमानात बसून उडायला शिकवायचा. रीतसर लायसन होतं त्याच्याजवळ. यंदा दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवसांत तो गावी आला, तो ट्रॉलीवर क्लबची मशीन बांधूनच. तीन चाकं, पुढेमागे दोन सीटा, मागे पंखा, आणि वर तिकोनी कापडाचा भला मोठा पतंग. छप्पर नाही, दार नाही, खिडकी नाही. सुलोचनाबाईने ती पाहिली आणि विचारलं, "बाकीचं विमान कोठी राह्यलं?" गावाने दुपारपर्यंत तिचं नाव ठेवलं, उडन-रिक्षा.

इथे आमची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. मामाचे केस पांढरे झाले असोत की मामा सरपंच असो, भाचा दारात आला की मामाने वाकून त्याच्या पाया पडायचं. भाच्यावर हात उचलायचा नाही, आणि चुकूनही मामाचा पाय भाच्याला लागला तर मामाच्या डोक्यावर पाप. भूपेंद्र ट्रॉलीवरून उतरला तसा बकाराम लवकन वाकला. भूपेंद्र म्हणाला, "राहू द्या ना मामाजी, पाठ दुखते तुमची." बकाराम म्हणाला, "पाठ माझी, पाप माझं. तुमी उभे राहा, भाचेबाबू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या पडीत जागेवर, भूपेंद्रने मशीन चालू करून पाहिली. म्हणे फक्त तपासायची होती. पण उडायची वस्तू चालू केली की ती उडते. उडन-रिक्षा चिंचेच्या झाडाएवढी वर गेली, गावावरून एक वळण घेतलं आणि खाली आली. एवढ्यात काय काय झालं! सुशिलाबाई खळ्यावर धान उपणत होती. वरून पंख्याचा वारा आला आणि तिचा भुसा शेजारणीच्या अंगणात आणि शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं तिच्या धानात. योगराजची म्हैस दावं तोडून तलावात शिरली आणि दुपारपर्यंत फक्त नाकपुड्या दाखवत बसली. योगराज म्हणजे बकारामचा चुलत साळा. तो काठावरून म्हशीची समजूत काढत होता, "ये ना माय, गेला थो, गेला."

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तंटामुक्तीची सभा भरली. अध्यक्ष बकाराम. आरोपी भूपेंद्र. अध्यक्ष खुर्चीवरून उठला, आरोपीच्या पाया पडला, परत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "हं. आता सांगा, भाचेबाबू, गुन्हा काऊन केला?"

लोक हसून हसून ओट्यावरून खाली पडले. सुशिलाबाई मात्र पदर खोचून उभी राहिली. "हसून काऊन राह्यले? माझा धान कोन निवडून देते?"

योगराज म्हणाला, "माझ्या बांधीवरून गेला थो. माझी बांधी आहे त माझं वरचं आभाळबी माझंच ना?"

बकारामला हा मुद्दा फार आवडला. तो पाण्यात वाढलेला माणूस. त्याने डोळे मिटले आणि तिथल्या तिथे आभाळाचा कायदा केला. ज्याची बांधी त्याचं आभाळ. कोणाच्या बांधीवरून उडायचं नाही. बैलगाडी पांदणीने जाते, तर उडन-रिक्षानेही पांदणीवरूनच जायचं, पांदण वळेल तिथे वळायचं. तलाव सरकारी, म्हणून तलावावर फिरायला मोकळीक. उतरायचं आखरावर. आणि उडायचं ते पाळीने.

"मामाजी," भूपेंद्र म्हणाला, "गावात मशीन एकच आहे. पाळी कोनाशी लावू?"

"मशीन एक असो की दहा, पाळी म्हंजे पाळी."

भूपेंद्र गालात हसला. म्हणाला, "मामाजी, पन आभाळाचा कायदा गावात नाही बनत. थो वरून येते. मशीनची नोंद लागते, माझं लायसन लागते, थे दोन्ही आहेत. पन इथं बाजूले बिरसीचं विमानतळ आहे. त्याच्या आसपास उडायचं असल त त्याइची परवानगी लागते, जिल्ह्याची लागते, पोलिसाले सांगावं लागते."

"बरं. मंग सकाळी कोनाले विचारून उडले?"

भूपेंद्र आपल्या बुटांकडे पाहायला लागला. बकारामचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्याच्या मनाजोगं काम त्याला मिळालं होतं. कायदा होता, तो वरून आलेला होता, आणि मोडणारा घरचाच होता. "परवानगीबिगर चाक फिरवायचं नाही," तो म्हणाला. "परवानगी मीच आनतो." मग जरा थांबून, घसा खाकरून, "आनली, त एकदा मले बसवसाल काय? तलावावरून फक्त."

तलावाचं तोंड पाहायची त्याची ओढ गावाला ठाऊक होती. भूपेंद्र म्हणाला, "बसवतो मामाजी. पन परवानगी पाह्यजे."

मग आम्ही गोंदियाला जायला लागलो. आम्ही म्हणजे बकाराम, भूपेंद्र आणि मी. मी कायले? तर बकारामला हिंदी बोलताना घाम फुटतो आणि मला नाही फुटत. एका कचेरीत बाबूने विचारलं, "कौन सी गाड़ी है? तिपहिया?" मी म्हटलं, तीन चाकं आहेत खरी, पण उडते. बाबू म्हणाला, "उड़ती है तो तिपहिया कैसे हुई? और तिपहिया है तो उड़ती कैसे है?" आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या टेबलावर लग्नाच्या वरातीची, लाऊडस्पीकरची आणि फटाक्यांची परवानगी मिळत होती. तिथल्या माणसाने मोठ्या मनाने विचारलं, "दूल्हा बैठेगा क्या इसमें?" बकारामने सात्त्विक रागाने उत्तर दिलं, "मैं बैठूंगा." माणसाने त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि अभिनंदन केलं.

ठाण्यातल्या हवालदाराने मात्र नीट ऐकून घेतलं. तो म्हणाला, आधी विमानतळावरून आणा, मग आमचं सोपं आहे. पाटकऱ्याला हे लगेच पटलं. आधी तुडुम, मग नहर, मग बांधी.

विमानतळावर टॉवरचं काम पाहणाऱ्या मॅडम भेटल्या. तरुण होत्या, हर्षाहून थोड्याच मोठ्या. नाव नीतू. बकारामने त्यांच्यासमोर आपला आभाळाचा कायदा मांडला. ज्याची बांधी त्याचं आभाळ, पांदणीवरून जायचं, सगळं. मॅडमनी मध्ये न हसता ऐकलं, हे मोठं काम.

मग त्या म्हणाल्या, "काका, आभाळ कोणाच्या बांधीचं नसतं. आणि पांदणीवरून विजेची लाइन जाते ना तुमच्या गावात?"

जाते. पांदणीच्या डोक्यावरूनच जाते. बकारामच्या कायद्याने भाचा सरळ तारांत गेला असता. बकारामचं तोंड पडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कायदा चुकला होता. बाहेर एक शिकाऊ विमान उतरलं, लगेच वर गेलं, परत फिरून आलं.

मॅडम म्हणाल्या, "ही पोरं दिवसभर अशा घिरट्या मारतात. तुमचा तलाव त्यांच्या वाटेजवळ आहे. कोण कधी, किती उंच असेल हे मला माहीत पाहिजे. त्यांचा सराव नसेल तेव्हा सकाळी थोडा वेळ मी तुम्हाला देऊ शकते. तो वेळ संपला की मशीन जमिनीवर. एक मिनिट इकडे तिकडे नाही."

बकाराम हळूच माझ्या कानात म्हणाला, "अरे गा, हे तर पाटकरीन आहे." आणि उठून त्याने मॅडमना असा नमस्कार केला, जसा त्याने कधी तहसीलदारालाही केला नाही.

परवानगीला वेळ लागला. कागद दिल्लीकडे गेले, जिल्ह्याकडे गेले, परत आले, एका जागी सही राहिली म्हणून पुन्हा गेले. मंडई होऊन गेली, दंडार नाचून झाली, उडन-रिक्षावर कोंबडी बसायला लागली. सुलोचनाबाई रोज देवाला म्हणायची, "दिल्लीवाल्याइले सुबुद्धी दे, सही करू नोको देऊ." पण देवाने दिल्लीचं ऐकलं. परवानगी आली. सकाळची वेळ ठरली. अख्खा टोला आखरावर लोटला. सगळ्या म्हशी आदल्या दिवशीच नातलगांकडे पाठवल्या होत्या.

बकारामने स्वच्छ धोतर सोडून हर्षाच्या बापाची पॅंट घातली होती. डोक्यावर हेल्मेट, त्यात बोलायचं यंत्र. तो मागच्या सीटजवळ गेला आणि थबकला.

"पाय कोठी ठेवू?"

भूपेंद्र पुढच्या सीटवर बसला होता. म्हणाला, "माझ्या दोन्ही बाजूनं समोर पसरा. तशीच बैठक आहे."

"म्हंजे तुमाले लागतीन?"

"लागतीन थोडेसे."

बकाराम दोन पावलं मागे सरला. हेल्मेट काढायला लागला. "नाही होत. भाच्याले पाय लावून मले कोनताच तलाव पाहाचा नाही."

त्याच्या आवाजावरून कळलं की हा थट्टेत बोलत नाही. टॉवरने दिलेली वेळ तिकडे चालू झालेली. भूपेंद्रने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, पोटाशी पाय घेऊन बसता येईल का तेही पाहिलं, पट्टा बसेना. शेवटी गर्दीतून धुरपताबाई पुढे आली. भूपेंद्रची आई, बकारामची मोठी बहीण. म्हणाली, "बकाराम, किती वेळ बाईसारखा उभा राह्यतोस? जितके पाय लागतीन तितक्या पाया आधीच पड. ॲडव्हान्स."

बकारामने विचार केला. कायद्यात बसत होतं. आगाऊ पाणीपट्टी भरतात, तसंच हे. तो वाकला. उठला. वाकला. उठला. गावकरी ओरडायला लागले, "एक वर जातानीचा! एक खाली येतानीचा! एक भेव वाटल्यावरचा!" भूपेंद्र रडकुंडीला आला, "मामाजी, बस, वेळ चालला!" टॉवरवरून विचारणा झाली की उशीर कशाचा. भूपेंद्रने काय सांगावं? तो म्हणाला, "मॅडम, तांत्रिक अडचण."

अखेर उडन-रिक्षा उडाली. सुलोचनाबाईने डोळ्यावर पदर घेतला आणि पदराच्या फटीतून सगळं पाहिलं.

वर काय झालं ते मी दोघांकडून ऐकलं आहे, आणि दोघांचं जुळतं. सुरुवातीला बकारामने डोळे मिटले होते. त्याचा गुडघा भाच्याच्या कोपराला लागला, तो "माफी" म्हणाला. बूट लागला, परत "माफी." भूपेंद्र म्हणाला, "मामाजी, आगाऊ भरले आहेत, डोळे उघडा." बकारामने डोळे उघडले.

खाली तलाव होता. तिन्ही फाटे एकाच नजरेत. मोहाच्या मागचा फाटा बदकाच्या मानेसारखा वाकलेला, टेकडीमागचा लांबच लांब, धुक्यात संपणारा. पाणी कापलेल्या धानाच्या पिवळ्या बांध्यांमध्ये आरशासारखं पडलेलं. भूपेंद्र सांगतो, यंत्रात मामाजींच्या नाक ओढल्याचा आवाज येत होता. मग एकदम मामाजींचा आवाज बदलला.

"भाचेबाबू, थे काय आहे? उत्तरेकडं?"

उत्तरेकडचा काठ उंदराने भाकरी कुरतडावी तसा कुरतडलेला. तलावाच्या पोटात कोणी थोडी, कोणी जास्त, नवीन बांध्या सरकवल्या होत्या. जमिनीवरून झुडपांमुळे ते दिसायचं नाही. वरून मात्र दातांच्या खुणा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ दिसत होतं. फक्त कोणाची कोणती बांधी, हे त्या उंचीवरून ओळखू येईना.

"खाली घ्या जरासं. कोनाची आहे पाहू द्या."

"खाली परवानगी नाही मामाजी. पन आनखी एक घिरटी मारतो, बराबर दिसन."

तेवढ्यात टॉवरवरून मॅडमचा आवाज आला. वेळ संपला, शिकाऊ विमान येत आहे, उतरा. भूपेंद्र म्हणतो, "मी हळूच म्हटलं, मामाजी, फक्त अर्धी घिरटी, मॅडमले सांगू हवा होती." बकाराम मागे तळमळत होता. मान वळवून वळवून त्या काठाकडे पाहत होता. एवढा जन्म जपलेलं पाणी कोण खातं आहे ते कळायला अर्धी घिरटी पुरे होती. तो म्हणाला, "नाही. त्या पोराची पाळी आहे. उतरवा."

आखरावर चाकं टेकली तसा गावाने जल्लोष केला. कोणी हार आणला होता. बकारामने हेल्मेट काढलं, हार बाजूला सारला, मशीनवर उभा राहिला आणि म्हणाला, "तलाव पाह्यला. लय सुंदर आहे. अना उत्तरेकडून त्याले कोनीतरी खाऊन राह्यलं. कोन आहे थे आज नाही दिसलं. मॅडमनं उतरता उतरता यंत्रावरून पुढच्या हप्त्यात परत येळ देला आहे. तवा दुर्बीन घेऊन जातो."

जल्लोष एकदम थांबला. मी आजूबाजूला पाहिलं. टाळ्या वाजवायला वर गेलेले कितीतरी हात तसेच राहिले होते, आणि योगराज आपल्या हातातल्या फुलांकडे असं पाहत होता, जणू ती कोणीतरी नुकतीच त्याच्या हातात दिली.

तो आठवडा आमच्या टोल्यावर मोठा कामाचा गेला. सकाळी सकाळी उत्तरेच्या काठावर फावडी वाजायची. एकमेकांना पाहून लोक दुसरीकडे पाहायचे. कोणी विचारलंच तर योगराज म्हणायचा, "खेकडे काढून राह्यलो." एवढे खेकडे आमच्या तलावात कधीच नव्हते. सुशिलाबाई काठावर उभी राहून मजा पाहायची आणि मोठ्याने सांगायची, "आनखी हातभर मागं घे गा योगराज, खेकडा बांधीत शिरला!"

आठवड्याने बकाराम शेजारच्या मास्तरची दुर्बीण गळ्यात अडकवून परत वर गेला. या खेपेला वेळेत गेला, वेळेत उतरला. आम्ही सगळे आखरावर माना वर करून उभे. तो उतरला तो तोंड पाडूनच. दुर्बीण काढून मास्तरच्या हातात दिली आणि आखराच्या कडेला दगडावर जाऊन बसला.

मी जवळ गेलो. म्हटलं, "काय झालं गा? दिसला नाही काय?"

"दिसला ना. काठ जसाचा तसा, जुन्या निशानीवर. थाळीच्या कोरेवानी."

"मंग चांगलंच झालं की!"

बकारामने माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्याचा वैरी आहे. "चांगलं? म्या सभेची दवंडी देऊन आलो सकाळी. आता सांग, सभेत कोनाचं नाव घेऊ?"